सहाव्या पोर्टचा कौल

ल्याव किमछे स्टेजखाली जन्मली असं युनलिन जिल्ह्यातल्या गावागावांत सांगतात. ते खरं नाही. जन्मली ती हुवेईच्या दवाखान्यात. पण बाळंतिणीचा महिना सरायच्या आत तिच्या बापानं तिला बाहुल्यांच्या रिकाम्या पेटीत निजवून खेळाला नेलं होतं. वर लाकडी स्टेजवर हातमोज्यासारख्या बाहुल्यांची लढाई चाललेली, ढोल बडवला जातोय, आणि खाली पोर गाढ झोपलेली. ढोल थांबला की मात्र ती रडायची. तिच्या नवऱ्याच्या मते अजूनही तसंच आहे. घरात शांतता झाली की ही बाई भांडण उकरून काढते.

तिचा बाप थेनसू, सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा. बाहुलीवाल्यांत आबांच्या तोंडाला जोड नव्हती. राजा, सेनापती, सेनापतीची लाडावलेली लेक, तळ्यातला राक्षस, दात पडलेला चहाडखोर म्हातारा, सगळे एकाच गळ्यातून निघायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की पडद्यामागं निम्मं गाव बसलंय. हात चालवायला आबांनी थोरल्या पोराला शिकवलं. किमछेला नाही. "पोरीच्या हातावर राक्षस बसत न्हाई," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. थोरला पुढं ताइचुंगला स्क्रूच्या कारखान्यात पळाला, तो सणालाच उगवतो. किमछेच्या वाट्याला आल्या त्या वायरी. भोंगे, बॅटऱ्या, टेपरेकॉर्डर.

वायरींनी तिला जगवलं. देवापुढचे खेळ वाढले, गळा थकायला लागला, तेव्हा आबा सगळी नाटकं आधी बोलून टेपवर घ्यायला लागले. स्टेजवर हात जिवंत, आवाज टेपचा. युनलिनमध्ये आता सगळेच तसं करतात. टेपा बुरसायला लागल्या तेव्हा किमछेनं त्या सीडीवर चढवल्या, सीड्यांवर ओरखडे पडले तेव्हा कॉम्प्युटरमध्ये. बापाचा आवाज तिनं असा एका घरातून दुसऱ्या घरात डोक्यावरून वाहिला. आबांची अट एकच होती. आवाज एकाच जागी राहायचा. प्रत काढायची नाही. प्रत निघाली की चोरीला जाते आणि दुसऱ्या फडाच्या खेळाच्या ट्रकवर वाजते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

मग सुपारीनं आबांचा गळा खाल्ला. डॉक्टरांनी घसा कापला, आवाजाची डबी काढून टाकली, गळ्याला भोक ठेवलं. त्यावर आता ते जाळीचं फडकं बांधतात. बोलता येत नाही. हसले तर त्या भोकातून हवा फसफसते, एवढंच. हात मात्र पूर्वीसारखेच चालतात.

म्हणजे आता आबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. एका जुन्या हार्ड डिस्कमध्ये.

गावाची जमीन राखणाऱ्या भुईदेवाच्या वाढदिवसाचा सण तोंडावर आला आणि जुना कॉम्प्युटर जळाला. धूर निघाला, वास आला, संपलं. आतल्या डिस्का तेवढ्या वाचल्या असं किमछेला वाटलं. तिनं हुवेईच्या छ्वाकडून नवे सुटे भाग आणले आणि घरीच जोडायला घेतले. छ्वा तिचा जुना दुकानदार. हा जाडा माणूस फोनवर बोलताना सदानकदा काहीतरी चघळत असतो.

जोडताना एक घोळ झाला. नव्या मदरबोर्डवर साठवणुकीची नवी एसएसडी बसवायची होती. ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, बोर्डावरच्या खाचेत आडवी बसते. पहिल्या खाचेवर पत्र्याचं झाकण होतं, त्याच्या स्क्रूचं डोकं किमछेकडून घासलं गेलं. पेचकस नुसता गरगर फिरायला लागला. तिनं शिवी हासडली आणि पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. तिनं स्क्रूचा विषय डोक्यातून काढून टाकला.

राहिल्या जुन्या डिस्का. बोर्डाच्या कडेला केबल लावायचे सहा पोर्ट, एक ते सहा आकडे छापलेले. एकमध्ये सीडीचा ड्राइव्ह गेला. दोनमध्ये ढोल-झांजांची डिस्क. तीनमध्ये दिवे आणि मागच्या रंगीत पडद्यांची. आता आवाज.

चार नंबरला आबांच्या फडात कुणी हात लावत नाही. चार हा मरणाचा आकडा, त्यांच्या बोलीत 'चार' आणि 'मरण' सारखेच ऐकू येतात. दवाखान्यात चौथा मजला नसतो, तसं आबांच्या ट्रकवर बाहुल्यांच्या पेट्यांना एक, दोन, तीन, पाच असे नंबर आहेत. किमछेच्या बोटांना ते इतकं सवयीचं की मोजतानासुद्धा तिची जीभ चारवर उडी मारून पुढं जाते. उरले पाच आणि सहा. सहा म्हणजे सगळं सुरळीत, बिनअडथळा.

तरी आवाजाची गोष्ट, म्हणून तिनं कौल लावला. नाटकाचा देव त्यांच्याबरोबर पेटीतून फिरतो, वीतभर लाकडी मूर्ती, काळ्या दाढीचा. त्याच्यापुढं उदबत्ती लावून तिनं लाल लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या. एक उताणी आणि एक पालथी पडली तर देवाचा होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देव नुसता हसतो, म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही. "देवा, आबांचा आवाज सहाला लावू?" होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदा होकार. असा तीनदा पडलेला कौल म्हणजे दगडावरची रेघ. तिनं केबल सहामध्ये दाबली, तपासायचं सकाळवर ठेवलं, आणि दमून आडवी झाली.

त्या एका रात्रीच्या आळसाला तिनं पुढं किती शिव्या दिल्या ते तिलाच ठाऊक.

सणाच्या सकाळी त्वापो गावात ट्रक लागला. देवळासमोर लसूण वाळत टाकला होता तो लोकांनी बाजूला ओढला, तरी वास सगळीकडं भरलेला. ट्रकची एक बाजू उघडून स्टेज झालं, रंगीत दिवे लागले. देवळात भुईदेवापुढं शेंगदाण्याच्या वड्या, मऊ तांदळाचे गोळे, उकडलेली कोंबडी मांडली होती. खेळ दुपारी, जेवणं आटोपल्यावर. ट्रकच्या मागच्या कोपऱ्यात किमछेनं कॉम्प्युटर चालू केला.

ढोल सापडला. पडदे सापडले. आवाज नाही.

तिनं पुन्हा चालू केला, अगदी सुरुवातीच्या निळ्या पानावर गेली, जिथं बोर्ड आपल्याला काय काय जोडलंय त्याची यादी दाखवतो. एक, दोन, तीन भरलेले. सहासमोर काहीच नाही. रिकामं.

"काय झालं गं?" तिचा नवरा बुनहाय स्टेजवर बाहुल्या टांगत होता. खेळात आता मुख्य हात त्याचेच.

"आवाज दिसत न्हाई."

"आवाज दिसतोय कधी? ऐकू येतो."

"तुझ्या तोंडात माती," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की बुनहाय बाहुली हातावर तशीच ठेवून खाली आला.

तिनं केबल बदलली. वीज देणारी तार बदलली. डिस्कवर तळहात ठेवला, ती आत थरथरत होती, मांजर घुरघुरतं तशी. कान लावला. फिरतेय. म्हणजे जीव आहे. तरी निळ्या पानावर नाव नाही. तिचे हात घामानं ओले झाले आणि लहान लहान स्क्रू बोटांतून निसटायला लागले. एक ट्रकच्या फळीतून खाली लसणात पडला.

तिनं छ्वाला फोन लावला. तिकडं ताटं-वाट्या वाजत होत्या, कुणीतरी दारूच्या घोटासाठी ओरडत होतं. आज प्रत्येक गावात भुईदेव, प्रत्येक घरात जेवणावळ.

"छ्वा, डिस्क सापडत न्हाई!"

"कुणाची? माझी तर इथंच हाय, पोटात."

"चेष्टा नको रे बाबा. आबांचा आवाज हाय त्यात. दुपारी खेळ हाय."

चघळणं क्षणभर थांबलं. "केबल बदलली?"

"बदलली."

"फिरतीया का?"

"फिरतीया."

"मग दुसऱ्या पोर्टात घालून बघ."

"सहाला तीनदा कौल आलाय."

"आगं बाई, देवानं काय मदरबोर्ड बनवलाय का?" तो ओरडला. मागून त्याच्या बायकोचं दटावणं ऐकू आलं, सणाच्या दिवशी देवाबद्दल असं बोलू नका म्हणून. "बरं बरं. देवाला इचार. पण पोर्ट बदल. आणि तरी न्हाई दिसली तर डिस्क मेली म्हणून समज. जुनी झाली होती. फिरणारी डिस्क पण मेलेली असती, किमछे. चाक फिरतं, पण डोकं वाचत न्हाई. माझ्या सासऱ्यागत."

तिनं फोन ठेवला. नवी उदबत्ती लावली, देवाची क्षमा मागितली, पाच नंबरसाठी कौल लावला. होकार, होकार, होकार. तिनं कॉम्प्युटर बंद केला, केबल पाचमध्ये खुपसली, चालू केला. निळं पान. पाच रिकामा.

एक पोर्ट खोटा निघू शकतो. दोन्ही? म्हणजे दोष पोर्टात नाही. डिस्क मेली. चाक फिरतंय, डोकं वाचत नाही.

"ढोलाची डिस्क काढ," बुनहाय म्हणाला. "दोनवर ढोल चालतोय न्हवं? तिथं आवाज घालून बघ."

"आणि ढोल काढला आणि ढोल पण गेला तर? बोलणारा न्हाई आणि वाजवणारा बी न्हाई. मग काय बाहुल्यांनी नुस्त्या माना हलवायच्या?"

"आगं नुस्ती केबल तर काढायची."

"तूच काढलीस तर तुझा हात तोडीन." चालू असलेल्या गोष्टीला हात लावायची तिला आता भीती बसली होती. तरी तिनं चंद्रकोरी घेतल्या. दोन्ही पालथ्या पडल्या. नकार. पुन्हा टाकल्या. पुन्हा पालथ्या. तिनं त्या बुनहायच्या अंगावर भिरकावल्या नाहीत, देवाचं नशीब.

ती खाली फळीवर बसली. समोर देवळाच्या ओट्यावर आबा बसलेले होते, गळ्याला स्वच्छ फडकं, पायाशी चहा. लोक येऊन त्यांना वाकून बोलत होते, आणि आबा मान हलवत होते. ते वाट बघत होते. दर खेळाला ते असेच बसायचे. आपला आवाज ऐकायला. ऑपरेशननंतर महिनाभर ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. जेवण नाही, कुणाकडं बघणं नाही. मग एक दिवस किमछेनं ट्रकचा भोंगा घराकडं वळवून त्यांचा तो दात पडलेला म्हातारा वाजवला. आबा उठून बसले. तेव्हापासून ते दर खेळाला येतात. आज तिला जाऊन सांगावं लागणार होतं. कसं सांगायचं? माणूस गेला तर गाव येतं, जेवण घालतं, रडतं. आवाज गेला तर काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बुनहाय गाल खाजवत तिच्याजवळ आला. "एक इलाज हाय. तेकछायला फोन करू."

तेकछाय म्हणजे तिचा मावसभाऊ, शेजारच्या फडाचा मालक. त्याचे खेळ दोन गावं पलीकडं. त्याच्या बापाचा आवाज चिरका, आणि आबांच्या आवाजाच्या नकला करून करून त्या बापानं नाव मिळवलेलं.

"त्याचं ध्वनिमुद्रण आणू. हातात बाहुल्या आपल्या. गावाला कळणार बी न्हाई."

"गावाला कळणार न्हाई? हितलं कुत्रं सुद्धा ओळखल."

"मग काय करू? देवाचा खेळ मोडायचा? पंचांनी आगाऊ बोलावलंय. मी फोन लावतो."

त्यानं किमछेचाच फोन उचलून लावलासुद्धा. तेकछायचा आवाज एवढा मोठा की फोन कानापासून लांब धरावा लागला. "कोण, बुनहायभावजी? अरे देतो की! आमचा आवाज घ्या, हवा तेवढा घ्या! थेनसूकाकांच्या बाहुल्यांच्या तोंडात आमचा आवाज म्हणजे आमचंच भाग्य! फक्त मायकावर आमच्या फडाचं नाव घ्या, एवढंच. खेळाच्या आधी आणि मध्यात बी!"

किमछेनं वर बघितलं तेव्हा आबा ट्रकच्या शिडीवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांनी बुनहायच्या हातातून फोन घेतला, बंद केला, आणि लसणाच्या ढिगावर टाकला.

मग ते आत आले. किमछे उठली. "आबा, सापडत न्हाई," ती म्हणाली, आणि मग तिला थांबता आलं नाही. "सहाला लावली, पाचला लावली, कौल तीन-तीनदा आला, केबल बदलली, तार बदलली, छ्वा म्हणतोय मेली. माझीच चूक. रात्रीच बघायला पायजे होतं. मी झोपले, आबा. मी झोपले." ती रडत नव्हती. तिचं तोंड नुसतं वेडंवाकडं होत होतं.

आबा कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यापुढं उकिडवे बसले. त्यांनी डिस्कवर हात ठेवला. ती थरथरत होती. मग त्यांनी बोट लावून पोर्ट मोजले. सीडी, ढोल, पडदे. बोट एका रिकाम्या पोर्टावर थांबलं. त्यावर छापलं होतं, चार. त्यांनी मान वळवून लेकीकडं बघितलं, आणि चार बोटं वर केली.

"आबा, नको!" किमछे ओरडली. बुनहायही दोन पावलं मागं सरला.

आबांनी चार बोटं तशीच धरून दुसऱ्या हातानं आपल्या गळ्यावरचं फडकं दाखवलं. मग हात छातीवर जोडले, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली आणि मान एका बाजूला टाकली. तिरडीवर बांधतात तसा मेलेला माणूस. इतका हुबेहूब की देवळाच्या ओट्यावरची एक म्हातारी किंचाळली. मग त्यांनी डोळे उघडले, पुन्हा गळा दाखवला, पुन्हा चार बोटं. आवाज मेलाच आहे की. मेलेल्याला त्याच्या जागेवर ठेवा, काय बिघडतंय?

किमछेनं चंद्रकोरी पुढं केल्या, कौल तरी लावा म्हणून. आबांनी त्या घेतल्या आणि बाजूला ठेवल्या. कॉम्प्युटरचं बटण दाबून बंद केला. पाचमधली केबल ओढली. आणि ज्या हातांनी आयुष्यभर बाहुल्यांच्या पोकळ मानेत बोट घातलं, त्याच हातांनी ती चारमध्ये दाबली. टक आवाज आला.

चालू करायला किमछेचं बोट उठेना. आबांनीच बटण दाबलं.

निळं पान. एक. दोन. तीन.

चारसमोर जुन्या डिस्कचं नाव उभं होतं.

किमछे खाली बसली ती बसलीच. बुनहाय कुणालाही न विचारता देवाच्या पेटीपुढं आडवा झाला. आबा मात्र शांत होते. त्यांनी आता चंद्रकोरी उचलल्या आणि देवापुढं टाकल्या, काहीही न विचारता. दोन्ही उताण्या पडल्या. देव हसला. आबाही हसले, गळ्यातल्या भोकातून फसफसत.

छ्वानं जेवण उरकून घाईनं फोन केला, तेव्हा बुनहायनं तो लसणातून शोधून काढला. "पट्टी कुठल्या खाचेत बसवलीस?" छ्वानं विचारलं. "दुसऱ्या," किमछे म्हणाली. "स्क्रू बिघडला माझ्याकडनं." तिकडून कपाळाला हात मारल्याचा आवाज आला. "आगं, त्या बोर्डात दुसरी खाच भरली की पाच नि सहा नंबर आपोआप बंद पडत्यात. एकाच नळाला दोन तोंडं असल्यागत. इकडं पाणी सोडलं की तिकडं बंद. चारला लावली असतीस तर सकाळीच दिसली असती."

"चारला कोण लावतं?" किमछे म्हणाली.

"आमच्या दुकानात सगळेच लावत्यात."

"तुमच्या दुकानात चौथा माळा बी असंल."

"न्हाई, चौथा न्हाई," छ्वा ओशाळून म्हणाला.

दुपारी ढोल वाजला. देवांना मुजरा झाला, आणि मग भोंग्यातून दात पडलेला म्हातारा बोलायला लागला. शेजारच्या गावच्या पाटलीणबाईची कोंबडी कुणी खाल्ली याची चौकशी करत, थुंकत, खोकत, शिव्या देत. लसणाच्या ढिगांवर बसलेली माणसं हसली. आबा मागं ट्रकमध्येच होते. त्यांनी बुनहायला बाजूला केलं आणि तो म्हातारा आपल्या हातावर चढवला. फार वर्षांनी आबांचा हात आणि आबांचा आवाज एका बाहुलीत आले होते.

किमछेला ते बघायला सवड नव्हती. ती कोपऱ्यात बसून दोन गोष्टींकडं एकदम बघत होती. एक, चालू असलेला आवाज. दुसरी, नव्या पट्टीवरची रिकामी जागा. तिचं बोट माऊसवर होतं. सगळ्या आवाजाची प्रत काढायची आणि तिकडं टाकायची, एवढंच काम. जन्मभर आबांनी ज्याला नाही म्हटलं, तेच. आज पुन्हा त्यांना विचारायची तिची छाती नव्हती आणि न विचारता करायचीही नव्हती.

तिनं मान वर केली. आबा तिच्याकडं बघत होते. पुढं पडद्याआडून भोंगा बोलत होता, आणि हातातला म्हातारा लोकांकडं तोंड करून नाचत होता. आबांनी एका क्षणासाठी त्याला आत ओढला, तिच्याकडं वळवला. म्हाताऱ्यानं आपले दोन लाकडी हात हवेत हलवले, कर, कर, किती वेळ बघत बसलीस, अशा थाटात. आणि पुन्हा बाहेर उडी मारून पाटलिणीच्या कोंबडीवर शिव्या द्यायला लागला.

किमछेनं माऊस दाबला.